कळशीचा नंबर

कॉलेजात जाईपर्यंत मला इंग्रजी धड येत नव्हतं, पण इंग्रजीतला एक शब्द आमच्या अख्ख्या चाळीला, अगदी सहीच्या जागी अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्यांनासुद्धा, तोंडपाठ होता. नंबर. डोळ्यांना नंबर लागला की चष्मा यायचा. वर्गात नंबर वर आला की शेजारीपाजारी कौतुक, खाली घसरला की पाठीत धपाटा. डॉक्टरकडे नंबर लावायचा, रेशनला नंबर लावायचा, आणि थोरलीचं लग्न ठरलं रे ठरलं की सगळ्या बाया धाकटीला छळायच्या, 'आता तुझा नंबर गं!' एखादी म्हातारी गेली की तिच्या वयाची दुसरी पदराने डोळे पुसत म्हणायची, 'चला, आता आमचाच नंबर.' कुणाच्या घरी अचानक नवा फ्रीज आला तर पैसा दोन नंबरचा, आणि बाजारात फडफडीत बांगडा मिळाला तर माल एक नंबर. शाळेत आमच्या इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'नंबर म्हणजे संख्या', आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या. मी चाटच पडले. एवढंच? आमच्याकडे या शब्दावर संसार चालले होते, आणि बाईंनी तो अर्ध्या ओळीत उरकला.

आता मी मुलुंडला लेकाकडे उंच बिल्डिंगमध्ये राहते. नळ फिरवला की पाणी येतं, दिवसभर, कधीही. बँकेत गेले की मशीन चिठ्ठी देतं आणि भिंतीवर माझा नंबर लाल अक्षरात चमकतो. शेजारी बसलेला माणूस माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी कोण, कुठून आले, गुडघे दुखतात का, कशाशी त्याला देणंघेणं नाही. छान सोय आहे, मी नावं ठेवत नाही. पण तो चमकणारा आकडा बघितला की मला माझी आई आठवते, आणि ती आठवली की ती कॉलेजची सकाळ. ते एकदाचं लिहून टाकावं म्हणून बसले आहे.

आमची चाळ घाटकोपरला, असल्फ्याच्या टेकडीच्या पायथ्याशी. समोरासमोर खोल्यांच्या दोन ओळी, मध्ये फरशी घातलेला बोळ, आणि बोळाच्या तोंडाशी अख्ख्या चाळीचा एक नळ. पाणी पहाटे यायचं आणि उजाडता उजाडता जायचं. यायच्या आधी नळ सुसू करायला लागायचा. त्या आवाजाने आम्ही पोरं कूस बदलायचो आणि बाया उठायच्या. मग स्टो पेटल्याचे आवाज, बांगड्यांचे आवाज, भांड्यावर भांडं आदळल्याचे आवाज, आणि या सगळ्यांच्या वर माझ्या आईचा आवाज: 'गायकवाड, तुमची झाली, उचला! मागची कळशी कुणाची? पुढे घ्या!' आई उंचीने एवढीशी, नाकात मुगबट्टी, पदर खोचलेला. पण आवाज असा की टेकडीवरची माणसंसुद्धा त्यावर घड्याळ लावत असतील. बाया तिला परबीण काकी म्हणायच्या, आणि नळाची लाईन तिच्या ताब्यात होती. कुणी नेमलं नव्हतं. कधीतरी नळावर मोठी मारामारी झाली होती, एकीच्या कपाळाला टाका पडला होता, त्यानंतर सगळ्या म्हणाल्या, 'काकी, तू बघ गं बाई आता.' आणि ती बघायला लागली.

तिचे नियम साधे होते. संध्याकाळी दिवाबत्तीच्या सुमाराला ज्याने त्याने आपलं भांडं आणून नळापासून ओळीने ठेवायचं. भांडं ठेवलं की नंबर लागला. मग तुम्ही घरी जाऊन जेवा, झोपा, भांडा. तुमची कळशी तुमच्या वतीने उभी आहे. मात्र भांड्यावर नाव कोरलेलं पाहिजे. तेव्हा आहेराच्या प्रत्येक भांड्यावर नाव असायचंच, कुणाचं काकांकडून, कुणाचं मामांकडून. बिननावाचं भांडं आई सरळ उचलून बाजूला ठेवायची. दुसऱ्याची कळशी हलवणं म्हणजे पाप. सगळ्या चाळीत कितीही वैर असो, भिशीवरून असो की पोरांवरून, कळशीला कुणी हात लावला नाही. मी तिथे वाढले म्हणून मला वाटायचं जगभर असंच असतं. आईला तर वाटायचंच.

आणि एक नियम होता, त्याला आम्ही 'विचारणं' म्हणायचो. घरात बाळंतीण आहे, कुणी आजारी आहे, पाहुणे आलेत, आणि तुम्हाला नंबर सोडून आधी पाणी हवंय, तर हक्काने घुसायचं नाही आणि आईच्या कानातही कुजबुजायचं नाही. लाईनीत जेवढ्या बाया, त्यांच्यापैकी एकेकीसमोर जाऊन, तोंड वर करून विचारायचं: 'तुझा नंबर एकाने मागे जाईल, चालेल?' सगळ्या हो म्हणाल्या तर भरा. एक जरी नाही म्हणाली तर गुपचूप आपल्या जागी. आणि जी नाही म्हणाली, तिला 'का?' असं विचारायचं नाही. नंतर टोमणाही मारायचा नाही. आई म्हणायची, 'नाही म्हणायची मुभा नसेल तर विचारायचं तरी कशाला? मग ढकलूनच घुसा ना.' सावंतांच्या सुनेला बाळ झालं तेव्हा एका बाईने नाही म्हटलं होतं. सगळ्यांच्या अंगाची आग झाली. पण सावंतीण परत जाऊन आपल्या जागी उभी राहिली, आणि आईने त्या नाही म्हणणाऱ्या बाईची कळशी नेहमीसारखीच उचलून दिली. काय बाई होती माझी आई! चार यत्ता शिकलेली, आणि हे तिला सुचलं कुठून, मला आजही कळलेलं नाही.

मॅट्रिक झाले आणि माझा प्रश्न उभा राहिला. मला शिकायचं होतं. नुसतं पुढे शिकायचं नव्हतं, मास्तरीण व्हायचं होतं. मार्क बरे पडले होते, झकास म्हणावे असे नाही. बाबा परळच्या गिरणीत होते. वाईट माणूस नव्हते, पण बोलणं मोजकं आणि एकदा बोलले की संपलं. माझ्यामागे दोन भावंडं शाळेत होती. कांजूरमार्गला एका औषधाच्या कारखान्यात मुलींना पॅकिंगला घेत होते, बाबांच्या ओळखीच्या माणसाने शब्द टाकला होता. आई माझ्या बाजूने चार दिवस बोलत राहिली. भाकरी थापताना बोलली, जवळ्याची चटणी वाढताना बोलली, बाबांच्या पाठीला तेल लावताना बोलली. शेवटी बाबा म्हणाले, 'बरा तर. एक कॉलेज बघा. नंबर लागलो तर शिक, नाय तर कामाक लाग.' झालं. माझं सगळं पुढचं आयुष्य त्या एका वाक्यात बसलं.

कॉलेज आम्ही पार्ल्याचं धरलं, कारण आमच्या शाळेतल्या बाई तिथेच शिकल्या होत्या. याद्या लागल्या, माझं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. पण खाली लिहिलं होतं की उरलेल्या जागा अमुक दिवशी सकाळी खिडकीवर, येईल त्याला क्रमाने. ते वाचून माझा धीर सुटला आणि आईला उलट धीर आला. 'अगं, लाईनच आहे ना?' ती म्हणाली. 'मग कशाला घाबरतेस? लाईन काय आपल्याला नवीन आहे?' आदल्या दिवशी दुपारी तिने घरातली सगळ्यात चांगली पितळी कळशी चिंचेने घासली, अशी की तोंड दिसावं. तिच्यावर बाबांचं नाव कोरलेलं होतं, आईच्या लग्नातल्या आहेराची. ती काखेत मारून आम्ही दोघी बसने अंधेरीला आणि तिथून पार्ल्याला. कंडक्टर म्हणाला, 'काय काकी, अंधेरीला पाणी भरायला?' आई म्हणाली, 'नाही रे, पोरीला कॉलेजात घालायला.' त्याने दोन तिकिटं फाडून हातावर ठेवली.

कॉलेजच्या गेटला कुलूप होतं, आत वॉचमन स्टुलावर बसला होता. गेटसमोर कुणी नव्हतं. आईने बरोबर मधोमध, गेटला चिकटून, नाव बाहेरच्या बाजूला येईल अशी कळशी ठेवली, दोन पावलं मागे जाऊन एकदा पाहिली आणि वॉचमनला म्हणाली, 'भाऊ, नंबर लावलाय. उद्या येतो.' त्याने मान हलवली. आम्ही घरी आलो. वाटेत तिने मला पार्ल्याच्या रस्त्यावरची झाडं दाखवली, उद्यापासून तू इथून चालत जाशील म्हणाली, आणि एका दुकानातून खारी बिस्किटं घेतली. इतकी खूष होती की मीही खूष झाले. आम्हा दोघींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली नाही. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतं, पण खरं सांगते, तेव्हा आम्हाला जागा मिळालेलीच होती. पहिला नंबर आमचाच होता ना!

सकाळी नळावरचं सगळं उरकून, सगळ्यांच्या कळश्या मार्गी लावून मगच आई निघाली. घावणे बांधून घेतले. पार्ल्याला पोचलो तर गेटपासून लाईन वळून पार कोपऱ्यापर्यंत गेलेली. आई ताठ मानेने सरळ पुढे. आणि पुढे कळशी नाही. गेटला चिकटून एक चष्मेवाले गृहस्थ उभे, इस्त्रीचा बुशशर्ट, बाजूला त्यांचा मुलगा. आईने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, खाली वाकून पाहिलं. 'इथली कळशी कुठाय?'

'कसली कळशी?' ते म्हणाले.

'माझी. काल संध्याकाळी लावली होती. पहिला नंबर माझा आहे.'

मागे हशा पिकला. कुणीतरी म्हणालं, 'पूजा आहे का हो आज?' ते गृहस्थ हसले नाहीत, पण समजावणीच्या सुरात म्हणाले, 'अहो बाई, ही माणसांची रांग आहे, भांड्यांची नाही. मी सकाळी अंधारातच येऊन उभा आहे. तेव्हा इथे काही नव्हतं.' मला वाटलं धरणी दुभंगावी. मी आईचा पदर ओढत होते, 'चल ना गं, चल ना.' तिचा चेहरा मी विसरणार नाही. अपमान झाल्याचा नव्हताच तो. घरातली ठेवलेली वस्तू जागेवर नसली की माणूस जसं बघतं, तशी ती बघत होती. जगात कुणी दुसऱ्याची कळशी उचलू शकतं, हे तिला त्या क्षणी कळत होतं.

तेवढ्यात वॉचमन आतून कळशी घेऊन आला. 'ओ मावशी, ही घ्या. इथे कोण ठेवतं का असं? गेली असती, म्हणून मी आत घेतली.' मग त्याने त्या गृहस्थांकडे बघून सांगितलं, 'पण हां, काल संध्याकाळपासून पहिली हीच होती, ते खरं.'

ते गृहस्थ चष्मा काढून पुसत राहिले. भला माणूस होता. चष्मा परत लावून म्हणाले, 'म्हणजे तुम्ही खरंच आधी आला होता म्हणायचं. या. माझ्या पुढे या.' मी एक पाऊल टाकलंसुद्धा. पण मागून आवाज आले, 'ओ साहेब, तुम्ही एकटे कसे ठरवता? आमचापण नंबर मागे जातो ना!'

आई वळली. 'बरोबर बोलतायत ते,' ती म्हणाली. 'थांबा, मी विचारते.'

मला कळलं ती काय करणार. 'आई, प्लीज. पार्ला आहे हे.' तिने ऐकलं नाही. कळशी काखेत, एका हातात माझं मनगट, आणि ती लाईनीतल्या प्रत्येकासमोर जाऊन उभी राहायला लागली. 'ही माझी मुलगी, सुनंदा. आम्ही काल भांडं ठेवून नंबर लावला होता, इथे चालत नाही हे मला माहीत नव्हतं. आम्ही पुढे गेलो तर तुमचा नंबर एकाने मागे जाईल. चालेल?' एकेकाला, तेच, तेवढंच. ना रडवा सूर, ना हात जोडणं. सुरुवातीला लोक हसले. एक पोरगा म्हणाला, 'आंटी, बिनधास्त.' एक गुजराती बाई म्हणाली, 'जा ने बेन, काय वांधो नाय.' एका वकिली थाटाच्या बाईने तिला दोनदा सगळं सांगायला लावलं आणि मग हो म्हटलं. हळूहळू हसणं थांबलं. आम्ही पोचायच्या आधीच माणसं सरळ उभी राहायला लागली, जणू त्यांना कुणी पहिल्यांदाच काहीतरी विचारत होतं. मी मान खाली घालून चालत होते, पण कोपऱ्यापर्यंत पोचलो तेव्हा माझीही मान वर झाली होती. हो, हो, हो. सगळे हो.

सगळ्यात शेवटी एक बाई होती, विटकं सुती पातळ, हातात कापडी पिशवी, सोबत माझ्याच वयाची मुलगी. आईने विचारलं. बाईने पिशवी छातीशी धरली. मग ती म्हणाली, 'नाही.' आवाज कापत होता तिचा. 'मी आधीच शेवटची आहे. माझ्यापाशी येऊन जागा संपली, तर मी घरी काय सांगू? नाही चालणार मला.'

लाईनीतून एकच कालवा उठला. 'अहो सोडा हो!' 'एकटीसाठी काय अडवताय?' पुढून चष्मेवाले गृहस्थही म्हणाले, 'बहुमत आहे, या तुम्ही बाई.' ती बाई पार आकसून गेली, तिची मुलगी रडायच्या बेताला आली. आणि माझी आई गरजली. नळावरचा आवाज, पार्ल्याच्या त्या शांत रस्त्यावर! 'तिला कुणी बोलायचं नाही! मी विचारलं म्हणून तिने सांगितलं. हो म्हणायलाच पाहिजे होतं, तर मी विचारलं कशाला असतं?' आईने कळशी खाली ठेवली, त्या बाईच्या मागे, आणि आम्ही दोघी तिच्यामागे उभ्या राहिलो. शेवटचा नंबर.

खिडकी उघडली. लाईन सरकायला लागली. ऊन चढलं. आईने घावणे सोडले आणि पहिला त्या बाईच्या मुलीला दिला. ती बाई पाठ करून उभी होती, पण मुलीने घेतला. मी मनातल्या मनात सगळ्या देवांना हाका मारत होते. चष्मेवाले बाहेर आले, जाताना आईसमोर थांबले आणि नमस्कार करून गेले. एकेक जण कागद घेऊन बाहेर पडत होता. मग ती बाई आणि तिची मुलगी खिडकीवर गेल्या. आम्ही मागे. आतल्या क्लार्कने त्यांचे कागद घेतले, शिक्का मारला, मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'संपल्या जागा.' आणि खिडकी ओढून घेतली.

ती बाई वळली. तिला आमच्याकडे बघवेना. 'मी हो म्हटलं असतं तर...' एवढंच बोलली आणि तोंडात पदर धरून रडायला लागली. आईने तिच्या मुलीच्या गालावरून हात फिरवला. 'नीट शीक गं,' म्हणाली. मग त्या बाईला म्हणाली, 'तुम्ही हो म्हटलं असतं, तर आता मी तुमच्यासमोर अशी उभी राहून रडले असते. जा घरी. पेढे वाटा.'

बसमध्ये मी जे तोंड सोडलं ते विचारू नका. तुझ्या त्या कळशीने वाट लावली माझी, मी म्हणाले. एवढा माणूस बोलावत होता, गेली असतीस तर काय बिघडलं असतं? आई खिडकीबाहेर बघत होती. तिने माझ्याकडे तोंड केलं तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. 'मला काही वाटत नाही असं वाटतं तुला?' ती म्हणाली. 'माझं काळीज तुटतंय गं. पण मी तिच्या पोरीच्या डोक्यावर पाय देऊन तुला वर कशी चढवू?' मी गप्प बसले. पटलं म्हणून नाही, रडू येत होतं म्हणून. पटायला मला स्वतःला आई व्हावं लागलं.

संध्याकाळी बाबा आले. आईने बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्याचा वास अख्ख्या बोळात होता आणि मला एक घास उतरत नव्हता. बाबा जेवत असताना तिने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, कळशी, हशा, विचारणं, ती शेवटची बाई, सगळं. मी वाट बघत होते, आता म्हणतील कामाक लाग. बाबा भात कालवत राहिले. मग त्यांनी एवढंच विचारलं, 'ती नाय म्हणाली, आणि तू तिच्या मागे जाऊन उभी रवलंस?'

'मग काय करणार?' आई म्हणाली.

बाबांनी हात धुतला. पुसता पुसता म्हणाले, 'आणखी खंय आसत जागा?' मुलुंडच्या कॉलेजात परवा अशीच खिडकी उघडणार होती, ते आईने सांगितलं. ती पुढे काहीतरी बोलणार होती, पण बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. हो नाही, ना नाही. तुमचं एकच कॉलेज झालं, असंही म्हणाले नाहीत.

मुलुंडची खिडकी उघडायची होती त्या दिवशी, पहिल्या पाळीला जातात तसे बाबा नेहमीच्या वेळेला, डबा घेऊन निघून गेले. आईने नळाची लाईन गायकवाड मावशींवर सोपवली होती. ती सोपवताना तिचा जीव वरखाली होत होता, पण सोपवली. आम्ही रिकाम्या हाताने, लवकर निघालो. मुलुंडला पोचलो तर तिथेही लाईन लागलेली होतीच. आई चरफडली, 'याहून लवकर माणसाने यायचं तरी कधी?' आणि शेवटचं टोक शोधायला लागली. मी सहज गेटकडे पाहिलं, आणि तिचा हात घट्ट धरला.

गेटपाशी, सगळ्यात पुढे, बाबा उभे होते. गिरणीत जायचे तेच कपडे, हातात डबा. त्यांच्यामागे अख्खी लाईन. पाठ इतकी ताठ की कुणी ढकललं असतं तरी हलले नसते.

'अहो, तुम्ही?' आई म्हणाली. 'आणि पाळी?'

'खाडो केलंय,' बाबा म्हणाले. अंगात ताप असला तरी खाडा न करणारा माणूस. मी त्यांच्याजवळ जायला लागले तर आईने मला मागे ओढलं आणि अगदी हळू आवाजात सांगितलं, जे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधी बाबा गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गिरणीच्या गेटसमोर जाऊन उभं राहायचं, आतल्या कुणाचा खाडा असेल तर नंबर पुकारायचे, नाही पुकारला तर तसंच घरी परत. अशी कित्येक वर्षं. लोक बघायचे, हसायचे, मुकादम शिव्या द्यायचा. कायम झाले त्या दिवशी घरी येऊन बाबांनी आईला सांगितलं होतं, आता मरेपर्यंत मी कुणाच्या गेटसमोर उभा राहणार नाही. आणि खरंच राहिले नव्हते. रेशनला नाही, दवाखान्यात नाही, देवळातसुद्धा नाही. मी समजत होते पुरुषमाणूस म्हणून मिजास आहे.

गेट उघडलं. शिपायाने विचारलं, 'पहिला नंबर कोणाचा?' बाबा बाजूला झाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे केलं. 'ह्येचो,' म्हणाले. 'माझा चेडू.'

खिडकीवरच्या बाईंनी माझे कागद घेतले, शिक्का मारला, आणि म्हणाल्या, 'वर्ग सुरू होऊन आठवडा झालाय. बसायचं असेल तर आजच बस, आधीच मागे पडली आहेस.' मी बाहेर धावत येऊन ते सांगितलं. आईने भर रस्त्यात माझ्या तोंडावरून हात उतरवून कडाकडा बोटं मोडली आणि रडायला लागली. मी म्हणाले, पण मी काही आणलेलं नाही, वही नाही, पेन नाही, काही खाल्लेलंही नाही. बाबांनी खिशातलं पेन काढून दिलं. मग हातातला डबा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, नको, तुम्ही काय खाल?

'घे,' बाबा म्हणाले. 'कामाक जाताना उपाशी जावचा नाय.'